कमानीखालची जागा

जन्मभर ब्लाउज शिवणाऱ्या काकू परदेशात आल्या त्या काही हौसेनं नाही. पोरगा हॉटेलात भांडी घासायला म्हणून इथं आला, मग नोकरी सोडून रस्त्यावर बासरी वाजवायला लागला, आणि गेल्या उन्हाळ्यापासून त्याचा फोनच बंद. पोलिसांनी खांदे उडवले. उद्या परतीचं विमान होतं.

इथली भाषा येणाऱ्या पुतणीला घेऊन त्यांनी गाण्याबजावण्याच्या गल्ल्या पायाखाली घातल्या. माणसं मात्र लाघवी. फोटो दाखवला की कुणी खुर्ची देई, कुणी गरम सूप, एका म्हातारीनं तर मिठीच मारली.

"अगं, सांग ना ह्यांना," काकू करवादल्या, "मिठ्या नकोत, माझं पोर हवंय."

शेवटच्या गल्लीत जुन्या कमानीखाली वादकांची ही गर्दी! मुंगीला शिरायला वाव नाही. फक्त पेटीवाल्या बाईच्या नि ढोलवाल्याच्या मधे हातभर फरशी मोकळी होती. सकाळपासून काकू चालत होत्या. त्यांनी सरळ तिथंच बसकण मारली.

गल्लीतली सगळी वाद्यं थांबली.

"काकू, उठा. काहीतरी चुकलं आपलं," पुतणी कुजबुजली.

पण पेटीवाली बाई येऊन गुडघ्यांवर बसली होती. तिनं हळूच काही विचारलं. पुतणीनं फोटो दाखवला, तशी बाईनं तो कपाळाला लावला नि ती बोलत राहिली. पुतणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणते ती?"

"दादा इथंच वाजवायचा. तापानं आजारी पडला. ह्यांनी दवाखान्यात नेलं, पण..." तिनं काकूंचा हात धरला. "घरचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता, काकू. ह्यांनीच शेवटचं सगळं केलं."

 ढोलवाल्यानं आपला कोट काढून काकूंच्या खांद्यावर टाकला.

"इथं वादक गेला की त्याची जागा रिकामी ठेवतात," पुतणी डोळे पुसत म्हणाली. "घरचं कुणी येऊन बसेपर्यंत. घरच्यांनी सांगितलेली धून सगळे मिळून वाजवतात, मग ती जागा दुसऱ्याला मिळते. ती विचारतेय, दादाची कुठली धून वाजवू?"

सगळे वादक वाद्यं सरसावून उभे होते. काकूंना धून पाठ होती. मशीन चालवताना पोराच्या बासरीतून रोज कानावर पडायची, ओरडूनही थांबायची नाही. ती ओठांवर आली नि त्यांनी पदर तोंडात कोंबला. सांगितली की संपलंच सगळं.

"मला नाही ठाऊक," त्या फरशीवर तळवे रोवून म्हणाल्या. "तो आला की त्यालाच विचारा म्हणावं."

पुतणीला एवढं एक वाक्य त्या बाईला सांगता येईना.