अडकलेले तांबे आणि रामटेकेभाऊंचा अहवाल

चाचणी आवारातल्या माझ्या सोबत्यांनो, स्फोटांनी कान आपले गेले आणि अहवालांवर नावे दुसऱ्यांची लागली. हे दुखणे तुम्हा-आम्हा सर्वांचे आहे. म्हणून यशवंतराव रामटेके यांच्या साठीनिमित्त नुसते गोड लिहिणे मला जमणार नाही.

पोंभुर्ण्याच्या या भाऊंना मी प्रथम पाहिले ते न उडालेल्या चार्जजवळ, म्हणजे स्फोटकाजवळ. आम्हाला लांब थांबवून ते एकटे पुढे निघाले होते. "तुही लेकरं लहान हायेत, मागं हो," एवढेच मला म्हणाले. त्यांचीही लहानच होती.

तेलविहिरीतल्या पोलादी नळीला खोलवर भोके पाडणारे चार्ज आपण तपासतो. त्यातल्या दोन प्रकारांची तुलना भाऊंकडे आली. स्फोटासरशी धारेसारखी सुटून भोक पाडणारी वाटी एकात घडीव तांब्याची, दुसऱ्यात धातूची भुकटी दाबून केलेली. चाचणीसाठी नळीभोवती बसवलेला दगड स्फोटानंतर कापून साहेब भोकाची खोली मोजत. घडीव वाटीचे भोक खोल, म्हणून तीच सरस ठरली होती.

आवार झाडणाऱ्या सोनाबाई मडावी म्हणाल्या, "भाऊ, दगड कापून काय पाह्यता? नळीत पाणी टाका ना. उतरलं तं मोकळं, थांबलं तं बंद."

साहेब हसले, "आता झाडूवाली आपल्याला शिकवणार!"

"शिका ना साहेब, फी तं मागून नाई राह्यली," भाऊ म्हणाले.

पाणी ओतले. घडीव वाटीच्या नळीत ते तसेच राहिले. भोकात त्या वाटीच्याच तांब्याचा गोळा अडकला होता. भुकटीच्या वाटीचे भोक उथळ, पण पाणी दगडात उतरले. भाऊंनी तसे लिहिले, कसोटी सुचवणाऱ्या सोनाबाईंच्या नावासह. निष्कर्ष आणि नाव, दोन्ही खोडण्याचा हुकूम आला. भाऊंनी खोडले नाही. त्यांची रवानगी भांडारात झाली, अहवालाची कपाटात. घडीव वाट्यांच्या पेट्या आजही फाटकाबाहेर जातात. कुठेतरी विहीर कोरडी ठरेल आणि तेल खालीच राहील.

माझी पत्नी गडचिरोलीच्या दवाखान्यात होती तेव्हा भाऊ दर रविवारी एसटीने येत. तिचे क्षीण बोलणे त्यांना ऐकू येत नसे. तरी शेवटपर्यंत ते मान हलवत बसत.

भाऊंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पण आठ दिवसांनी ते निवृत्त होतील, मग त्या कागदांची बाजू मांडणारा आत कोणी उरणार नाही. सोमवारी पहिल्या पाळीआधी सगळे व्यवस्थापकांच्या दारात या. अहवाल भाऊ आणि सोनाबाई या दोन्ही नावांसह, हे चार्ज वापरणाऱ्या तेलक्षेत्राकडे धाडल्याशिवाय एकही चार्ज उडवू नका.