कोरा रकाना

कर्जतच्या कचेरीतला तो कारकून भलता आळशी. महिन्याच्या महिन्याला तालुक्यातल्या मृत्यूंचा तक्ता जिल्ह्याला पाठवायचं काम त्याच्याकडे. फ्लूच्या साथीत आजाराचे आकडे तो मुकाट्यानं भरायचा, पण आत्महत्येच्या रकान्याशी आला की कुरकुरायचा, "इथं एक आकडा पडला तरी चार कागद जोडायला लागतात. आपल्याला नाय जमायचं."

त्याच साथीत माझी बायको गेली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसू लागला. चहाला नावं ठेवत दोन कप प्यायचा आणि उठताना विचारायचा, "मास्तर, उद्या घरीच हाय ना तुमी?" मी हो म्हटल्याशिवाय चपला पायात घालत नसे.

महिनाअखेरीस त्यानं मला तक्ता दाखवला. तो रकाना कोरा होता.

"पुढल्या महिन्यात साखर जरा कमी टाका," तो म्हणाला.