मुंजाजीची तेल लावलेली चाकं

बाकी कुठल्याही कामात मुंजाजीकडून कसूर व्हायची, पण भिण्याच्या कामात त्यानं कधी हयगय केली नाही. तो कुत्र्याला भ्यायचा. कुत्रं नसलेल्या गल्लीला त्याहून जास्त भ्यायचा, कारण मग कुत्रं गेलं कुठं, हा प्रश्न उरायचा. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तो ज्वारीच्या कणगीत शिरला आणि सगळं मिटून जिंतूरच्या बाजारात पुन्हा जिलेबी तळली जायला लागली तरी दोन दिवस बाहेर आला नाही. बायको कोंडाबाई वरून भाकरी टाकायची. शेवटी तिनं भाकरी बंद केली, तेव्हा कुठं निजामाचं राज्य गेल्याची त्याची खात्री पटली.

अशा माणसाला नशिबानं काम कोणतं द्यावं? येलदरीला धरण बांधायला घेतलं आणि जिंतूरच्या धनगरगल्लीतल्या या गड्याला टपालाची नोकरी लागली. संध्याकाळी पोस्टातून थैली घरी आणायची आणि सकाळी सायकलवरून धरणाच्या ऑफिसात पोचवायची. वाट तशी गुणाची होती. फक्त धरणाच्या अलीकडं एक लांबलचक उतार होता, उताराला तीन वळणं होती आणि तिसऱ्या वळणाला कठडा नव्हता. कठड्याच्या जागी खोल ओढा होता. उतार आला की मुंजाजी खाली उतरायचा आणि आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यावं तशी सायकल हाताला धरून न्यायचा. त्यात मागचं चाक इतकं वाकडं की सपाटीलाही ते हत्तीसारखं डुलायचं. टपाल पोचायला दुपार व्हायची. विचारलं की मुंजाजी म्हणायचा, "चाक आऊट हाय, साहेब."

साहेब म्हणजे ओव्हरसियर दिनकरराव. पुण्याकडचा माणूस, बायकोपेक्षा घड्याळाकडं जास्त बघणारा. एक दिवस ते म्हणाले, "मग चाकं बदल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून थैली दहाच्या आत टेबलावर दिसली नाही, तर मी दुसरा माणूस बघतो."

मुंजाजीनं हिशेब मांडला. नोकरी गेली तर मेहुण्याबरोबर मेंढरांमागं जावं लागणार, आणि मेंढरांमागं लांडगे असतात. नोकरी ठेवावी तर उतार. लांडगा की उतार, या विचारात त्याला तीन रात्री झोप नव्हती.

चौथ्या दिवशी तो मन्मथअप्पाच्या सायकलच्या दुकानात गेला. अप्पाच्या कपाळाला भस्म, कोपरापर्यंत ग्रीस आणि दोन्हींच्या मध्ये जीभ.

"अप्पा, चाकं बदलायचीत. हळू पळणारी दाखवा."

अप्पानं पाना खाली ठेवला. "वीस वर्षं धंदा करायलोय, मुंजाजी. हळू पळणारं चाक मागणारा तू पैलाच. कुंभाराकडं जा. त्याचं चाक फिरतंय बी आन् कुटं जात बी न्हाई."

तरी त्यानं दोन जोड्या काढल्या. पहिली काळी, जाड रिंग, जाड तारा. "ही दूधवाले नेतात. वर म्हैस बसली तरी आऊट व्हायची न्हाई."

मुंजाजीचा चेहरा उजळला. "हीच द्या!"

"दितो की. पण उतारावर जड लय दौडतं बघ. डोंगरावरून धोंडा सोड आन् पीस सोड. पुढं कोण जाईल?"

मुंजाजीनं तापल्या तव्याला लागल्यासारखा हात मागं घेतला. मग अप्पानं दुसरी जोडी पुढं केली. निकेलची, बारीक, आरशासारखी चकचकीत. मुंजाजीला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते तोंड इतकं भ्यालेलं होतं की तो आणखी भ्याला.

"ही मोडली मंजी?"

"मोडंल कशानं? तुझं वजन तरी किती? निम्मं तर भेवच हाय."

दुपार झाली तरी ठरेना. शेवटी वैतागून अप्पानं निकेलचं चाक एका सायकलीला चढवलं आणि हातानं असं फिरवलं की तारा दिसेनाशा झाल्या. मुंजाजी दोन पावलं मागं सरला. मग अप्पानं ब्रेक दाबला. रबराच्या दोन गुट्ट्यांनी रिंग धरली आणि चाक जागच्या जागी थिजलं.

"पुन्ना करा," मुंजाजी म्हणाला.

अकरा वेळा केलं. अकराही वेळा चाक थांबलं. बाराव्या वेळी अप्पा थांबला आणि मुंजाजीनं जोडी घेतली.

खंडेनवमी आली. गल्लीत ज्या वस्तूवर पोट चालतं तिला धुऊन, तेलाचं बोट लावून, कुंकू वाहायची रीत. घरात लोकर कातरायच्या कातरीला बोट लागलं, कुऱ्हाडीला लागलं आणि मग सायकलची पाळी आली. तिथं मुंजाजी अडला. कातर रागावली तर फार तर एक बोट कापेल. चाक रागावलं तर सरळ ओढ्यात. इथं एका बोटावर भागवणं त्याला जिवावरचं वाटलं.

त्यानं करडईच्या तेलाची वाटीच घेतली. रिंगांना आतून लावलं, बाहेरून लावलं, वाळलं असं वाटून पुन्हा लावलं. ब्रेकच्या रबरी गुट्ट्या तर प्रत्यक्ष जीव वाचवणाऱ्या. त्यांना त्यानं न्हाणीतल्या लेकराइतकं तेल जिरवलं.

कोंडाबाई ओरडली, "अवो, भजे तळायला थोडं ठिवा की!"

"गप बस. चाकाची मर्जी राखायलोय."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी थैली गळ्यात अडकवून तो निघाला. सपाटीला चाकं अशी पळाली की मुंजाजी गालातल्या गालात हसला. हसल्याचं लक्षात येताच घाबरून थांबला. उताराच्या डोक्यावर तर तो उभाच राहिला. पाणी प्याला. लांडगे आठवले, दिनकरराव आठवले, अप्पाच्या दुकानातली अकरा वेळा थिजलेली चाकं आठवली. ब्रेक हाय की, असं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो उताराला सायकलीवर बसला.

दहा कदमांवर त्यानं ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. जोरानं दाबला, तर सायकलीला टाच मारल्यासारखं झालं. गुट्ट्या रिंगेवरून अशा सरकत होत्या जशी नवरदेवाच्या अंगावरून हळद. मुंजाजीला सगळं तेल एकदम आठवलं. वाटी आठवली. भज्यांना ठेवलं असतं तर!

पहिलं वळण गेलं. डोक्यावरचं पागोटं तिथंच राहिलं. पाय जमिनीवर टेकवावेत, तर पाय पोटाशी गेलेले. त्यांना खाली यायचा धीर नव्हता. दुसऱ्या वळणावर रस्ता भरून मेंढरं, आणि मधोमध मेहुणा बिरू काठी घेऊन.

"दाजी! थांबा!"

"थांबता यीना रं, बिरू!"

"मंग घंटी वाजवा!"

घंटी वाजवायला अंगठा हवा, आणि दहाही बोटं ब्रेकला चिकटून बसली होती. तेवढ्यात मुंजाजीच्या गळ्यातून त्याच्या बापाची मेंढरं हाकायची आरोळी निघाली. तिचं तिलाच ठाऊक ती इतकी वर्षं कुठं बसली होती. मेंढरं दोन्हीकडं फाकली आणि मधून मुंजाजी गेला.

मग तिसरं वळण. समोर आभाळ, खाली ओढा. मुंजाजीनं डोळे मिटले. कोंडाबाईला मनातल्या मनात म्हणाला, "येतो गं." पण बैलगाड्यांनी त्या वळणावर खोल चाकोरी पाडली होती. निकेलची बारीक चाकं नेमकी तिच्यात पडली आणि चाकोरी जशी वळली तशी सायकल वळली. डोळे उघडले तेव्हा ओढा मागं गेला होता आणि पुढं धरणाची वाळू होती. मुंजाजी थैलीसकट ढिगाऱ्यात कमरेपर्यंत गेला.

दिनकरराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी मुंजाजीकडं बघायच्या आधी घड्याळ बघितलं. "सव्वानऊ! शाब्बास! काय चाकं आणलीस, लेका! आता रोज सव्वानऊ, बरं का!"

मुंजाजीला 'न्हाई' म्हणायचं होतं. पण तोंडात वाळू होती. वाळूतून 'जी' एवढंच बाहेर आलं.

घरी येऊन त्यानं राखेनं रिंगा घासल्या, गुट्ट्या नव्या बसवल्या. ब्रेक पुन्हा लागायला लागला, पण मुंजाजीचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो कायमचा. दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटायच्या आत तो निघायचा. उताराला सायकल हाताला धरून तिन्ही वळणं पायी उतरायचा आणि खाली बाभळीच्या आडोशाला बसून राहायचा. धरणावरचा नऊचा भोंगा वाजला, एक बिडी ओढून झाली की सायकलीवर टांग मारून उरलेल्या सपाटीला असा सुटायचा की वाऱ्यानं सदरा फुगायचा. दिनकरराव पाहुण्यांना घड्याळ काढून दाखवायचे, "बघा, आला आमचा वाघ."

खरं काय ते एकट्या बिरूला ठाऊक होतं. मेंढरं घेऊन तो त्याच बाभळीखाली यायचा. भोंगा वाजला की म्हणायचा, "दाजी, तोंड लय निवांत दिसायलंय. साहेबाला पटायचं न्हाई."

मग मुंजाजी मान वर करून तिसऱ्या वळणाकडं एकदा बघायचा. तेवढ्यानं तोंडाचा रंग उडायचा, कपाळाला घाम यायचा, आणि तो सायकलीवर बसायचा.