कंदीलवाल्यावर बंदी

सुरुवात कशी करतात, मला खरंच माहीत नाही. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही. आई गेली, तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही. आणि ज्याला सर्वात आधी सांगायला हवं होतं तो माझ्या दुकानाच्या भिंतीपलीकडे बसतो, रोज. तो खोकला तरी मला ऐकू येतं.

तो म्हणजे मंगेश. आंजीत माझं कृषी केंद्र आहे आणि त्याला लागून त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. पहिलीपासून आम्ही सोबत आहोत. गावात कुणालाही विचारा, म्हणतील, सुधीर आणि मंगेश म्हणजे भाऊच. मला हे ऐकावं लागतं. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच.

गोष्ट व्हिडिओ गेमची आहे. हसू आलं ना? मीही स्वतःला हेच समजावत आलो — अरे, गेम होता तो, त्यात एवढं काय! दहा वर्षं समजावतो आहे. समजत नाही.

वर्ध्याला स्टेशनच्या रस्त्यावर, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर, राजूभाऊंचं गेम पार्लर होतं. आम्ही दोघं आंजीहून एकाच बसने कॉलेजला जायचो आणि कॉलेज सुटलं की तिथे. पुढे कामाला लागलो तरी रविवार तिथलाच. तिथे एक गेम चालायचा — वेगवेगळ्या गेममधली पात्रं एका आखाड्यात आणून त्यांची लढाई लावायची. अशा गेममध्ये एक भानगड असते. प्रत्येक पात्र आपल्या घरचं बळ घेऊन येतं. एखादा त्याच्या मूळ गेममध्ये डोंगर फोडत असतो, एखादी वेळ थांबवत असते. या सगळ्यांना एकाच मापात बसवायचं तर बनवणाऱ्यांचं गणित कुठेतरी चुकतंच. मग एखादा असा निघतो की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पोरं त्याला 'ओपी' म्हणतात.

आमच्या गेममध्ये तो होता कंदीलवाला. हे नाव आमचंच. लहान मुलांच्या कुठल्याशा कोड्यांच्या गेममधून आलेला, कमरेत वाकलेला म्हातारा. ना लाथ मारायचा, ना बुक्की. हवेत नुसते कंदील टांगत जायचा. कंदिलाला समोरच्याचं अंग लागलं की तो भाजायचा, आणि कंदील मात्र जिथल्या तिथे. मिनिटभरात पडदा भरून जायचा. पुढे जायला जागा नाही, मागे सरकायला नाही. आणि हे सगळं एका बटणावर! म्हणून आम्ही त्याला हात लावत नसू. कंदीलवाला घेणारा भित्रा, असं ठरूनच गेलं होतं.

मंगेश खेळायचा पहिलवान. सर्वात अवघड पात्र, दोन्ही हातांची दहा बोटं एकाच वेळी नाचवावी लागत. तो नंबर एक. मी दुसरा. वर्षानुवर्षं दुसरा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं मी तेव्हा म्हणायचो.

मग तो अपघात झाला. संध्याकाळी तो वर्ध्याहून गाडीवर येत होता आणि तुरीच्या वावरातून एक रोही थेट रस्त्यावर आला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. मंगेश वाचला, पण खांद्यातून नस तुटली. डावा हात तेव्हापासून नुसता लोंबतो. मला त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. "सुधीरदादा, मंगेशदादाचा हात गेला." आणि — थांबा, हे लिहितो, आता थांबून उपयोग नाही — रडू यायच्या आधी माझ्या मनात एक वाक्य येऊन गेलं. आता पहिला मी.

क्षणभरच आलं. पण आलं.

त्यानंतर मी त्याचं सगळं केलं. दवाखान्यात राहिलो. त्याच्या बुटाची लेस बांधली, शर्टाची बटणं लावली, ताटातली पोळी तोडून दिली. त्याची आई, मी तिला मावशी म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोटचं पोरगं नाई करत एवढं." मला ते आवडायचं. फार आवडायचं. त्याच महिन्यांत पार्लरमध्ये मी नंबर एक झालो होतो. दोन्ही सुखं सोबत मिळत होती मला. तुम्हाला काय वाटतं, मी कुठलं जास्त चाखत होतो?

वर्षभराने मंगेश पार्लरचा जिना चढून आला. कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने कंदीलवाला निवडला. दोन-तीन जण हसले. मीही हसलो, पण जवळच्या माणसासारखा, पाठीवर हात ठेवून. पहिले काही रविवार तो हरला. पण बटण एक असलं तरी कंदील कुठे टांगायचा, केव्हा टांगायचा, समोरचा कुठून उडी मारेल हे त्याने झोपेतसुद्धा ताडलं असावं. पुढे पुढे तो आपल्याला घेरतोय हेच कळायचं नाही. कळायचं तेव्हा पाय टेकवायला जागा उरलेली नसायची. एका रविवारी त्याने मला ओळीने सात वेळा हरवलं. सातव्यांदा तो वळून म्हणाला, "सुध्या, मले जिवंत झाल्यासारखं वाटून राह्यलं बे."

मी म्हणालो, "मले बी बरं वाटलं."

नव्हतं वाटलं. ज्याच्या शर्टाची बटणं मी सकाळी लावून दिली त्याच्याकडून हरणं — ते मला सहन होईना. पूर्वी हरायचो ते वेगळं होतं. आता तो माझ्या खालचा होता ना? माझ्या हाताने जेवणारा?

त्या हिवाळ्यात राजूभाऊंनी स्पर्धा ठेवली. पुलगाव, हिंगणघाट, नागपूरहून पोरं येणार होती. नियम ठरवायला आम्ही तिघं बसलो : राजूभाऊ, इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा आणि मी. मीच म्हणालो, "कंदीलवाल्यावर बंदी पाहिजे."

राजूभाऊ म्हणाले, "मंग मंगेश काय खेळीन? त्याले तं एकच हात हाय."

मी काय उत्तर दिलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्याच्यासाठी साऱ्याइचा खेळ खराब कराचा का? अन् दया केलेली त्यालेच नाई आवडत."

माझं म्हणणं चूक नव्हतं, हेच तर! कंदीलवाला खरोखरच ओपी होता. बाहेरच्या स्पर्धांतही असल्या पात्रांना मनाई करतात. दया मंगेशला आवडत नाही, हेही खरं. मी एकही खोटा शब्द बोललो नाही आणि तरी माझ्या तोंडून निघालेलं ते सर्वात घाणेरडं वाक्य आहे. मला तो हरलेला हवा होता. प्रेमाने सांभाळता येईल इतका हरलेला. कॉलेजचा मुलगा माझ्या बाजूने झाला. राजूभाऊंनी शेवटी मान हलवली. निघताना मी त्यांना म्हटलं, "माझं नाव नका सांगू मंगेशले." ते हो म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी मंगेशसोबत मावशीही आली. घडीची साडी, हातात डबा, पोराचा खेळ बघायला आयुष्यात पहिल्यांदा. नियमांचा कागद भिंतीवर चिकटवला होता. मंगेशने तो वाचला, परत एकदा वाचला, आणि माझ्याकडे वळला. मी तयारीतच होतो.

"मी लय भांडलो रे," मी म्हणालो. "राजूभाऊनं आईकलंच नाई."

विचार करायलाही वेळ लागला नाही मला.

मंगेश खुर्चीवर बसला. त्याने पहिलवान निवडला — आपला जुना पहिलवान, एका हाताने. समोर पुलगावचा पोरगा होता. पहिला राउंड लगेच संपला. दुसऱ्या राउंडमध्ये त्या पोराच्या काय ते ध्यानात आलं असावं, तो मारायचा थांबला. नुसता उभा राहिला. मग मंगेशने स्वतःच पहिलवानाला चालवत त्याच्या अंगावर नेलं, आणि त्या पोराच्या एकाच फटक्यात पहिलवान पडला.

मावशीने मला विचारलं, "झालं? एवढंच असते का?"

मी म्हणालो, "हो मावशी. एवढंच असते."

जिन्यापाशी मंगेश राजूभाऊंसमोर थांबला. "राजूभाऊ, सुध्यानं एवढं सांगून बी तुम्ही आईकलं नाई. आता तुमच्या पार्लरमधी मी पाय नाई ठेवणार." राजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून मावशीची चप्पल शोधत होतो. ते काहीच बोलले नाहीत. का बोलले नाहीत? मी त्यांना शब्द मागितला होता म्हणून? की बोलले असते तर मंगेशचं त्या दिवशी माझ्यासकट सगळंच गेलं असतं, म्हणून? मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या फेरीत त्याच पुलगावच्या पोराकडून मी हरलो, हेही सांगून टाकतो.

तीन वर्षांनी राजूभाऊ गेले. हृदयविकाराचा झटका. मंगेश म्हणाला, "त्याच्या मयतीले काऊन जाऊ?" मी गेलो. तिथे बसलो असताना डोक्यात आलं, आता हे कुणालाच माहीत नाही. आणि मला हलकं वाटलं. मयतीत बसून.

वाटलं होतं, मोकळा झालो. तिथून तर दार खरं लागलं. कारण मंगेश माझे उपकार फेडायला लागला. माझे वडील आजारी पडले तेव्हा आठ दिवस दवाखान्यातून हलला नाही. स्वतःच्या लग्नात सगळ्या नातेवाइकांच्या आधी मला पुढे केलं. झेरॉक्सचं दुकान टाकायची वेळ आली तेव्हा तालुक्याला चांगली जागा मिळत असून इथे आला. का, तर "सुध्याच्या बाजूले राह्यीन." प्रत्येक वेळी वाटतं, आता सांगावं. प्रत्येक वेळी सांगणं आधीपेक्षा अवघड झालेलं असतं.

एकदा सांगायला निघालो होतो. तळेगावला एका लग्नाला आम्ही दोघंच गाडीतून जात होतो. मी म्हटलं, "मंगेश, त्या स्पर्धेचं तुले काही सांगाचं होतं." त्याने खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं. "सोड ना आता. तुले एक सांगू? त्या दिवशी घरी आलो तं मले जगावंसंच वाटत नोयतं. मंग वाटलं, सारे एका बाजूले झाले तरी एक जण तं माह्याकून भांडला. त्याच्यावर रात काढली मी."

ज्या खांबाला धरून तो उभा राहिला तो खांबच नव्हता, हे त्याला कसं सांगू? त्याच्यासाठी गप्प बसलो, असं म्हणायला मी मोकळा आहे. पण हे कारण मला किती सोयीचं आहे ते मलाच ठाऊक. मी पुढच्या गाडीला ओव्हरटेक केलं आणि विचारलं, "नवरदेव कुठला हाय?"

आता माझी मुलगी केतकी नऊ वर्षांची आहे. त्या गेमचा नवा भाग आला आणि मंगेशने इतक्या वर्षांनी पुन्हा कंट्रोलर मांडीवर घेतला, तिला शिकवायला. नव्या भागात त्या म्हाताऱ्याचं बळ बरंच कमी केलं आहे. रविवारी दुपारी दोघं आमच्या घरी बसतात. गेल्या रविवारी खेळता खेळता तो तिला म्हणाला, "तुले माहीत हाय का केतकी, माह्यासाठी तुह्या बापानं भरल्या बैठकीत भांडण केलतं."

केतकी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही काय म्हणाले होते त्यांना?"

मी म्हणू शकत होतो, आठवत नाही. सोपं होतं. पण मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागलो. टेबलावर हात आपटला म्हणून सांगितलं. राजूभाऊ म्हणाले, त्याच्यासाठी साऱ्यांचा खेळ खराब करायचा का? — असं मी सांगितलं. आणि मी त्यांना म्हणालो, मग मंगेश काय खेळेल? त्याला तर एकच हात आहे! सांगताना माझा आवाज भरून आला. खरंच भरून आला.

मंगेशने कंट्रोलर बाजूला ठेवला. "हे तं तू मलेबी कधी सांगितलं नोयतं बे," एवढंच तो म्हणाला. केतकी उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून बसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो.