गुडघे माझेच दुखत होते

समूहातील सर्व मंडळींस सविनय नमस्कार.

आज दुपारी आपल्यापैकी काही जण आमच्या अल खोर येथील घरी जेवावयास आले होते. इटलीत समुद्राजवळच्या टेकडीवरील जे मध्ययुगीन गाव आम्ही नुकतेच पाहून आलो, त्याच्या दगडी गल्ल्यांचे मी ऐटीत वर्णन करीत होतो.

तेवढ्यात नात म्हणाली, "बट आजोबा, तुम्ही आणि बाबा तर खाली गेटपाशीच बसला होता ना!"

मी काही बोलण्याआधीच मुलगा हसून म्हणाला, "माझे गुडघे दुखत होते. बाबा बिचारे माझ्यासाठी थांबले."

"खलास! चाळिशीतच म्हातारा झालास की रे!" आपल्यापैकी एक जण त्याला म्हणाले.

जेवण होईपर्यंत त्याची थट्टा चालली. मी मान खाली घालून श्रीखंड खात राहिलो.

मंडळी, गुडघे माझे दुखत होते. "आमच्या गडांपुढे हे काय पाहायचे?" असे म्हणून मी चढण टाळली व त्यालाही बसवून ठेवले. गल्ल्या मी सूनबाईंच्या फोटोंत पाहिल्या. त्यानेही फोटोंतच पाहिल्या.

कृपया त्याची थट्टा करू नये. मुलाची क्षमा कशी मागावी, हे मला ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणी मागितली आहे काय?