सासरेबुवांचा डावा पाय

गेली अकरा वर्षं मी बोईसरमध्ये लोकांचे पाय बघतो आणि त्यावर माझं घर चालतं.

हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या चपलांकडे बघतो. "म्हणजे मालिश का?" असं विचारणारे सभ्य म्हणायचे. एक गृहस्थ तर दवाखान्यात शिरून नऊ नंबरचा बूट दाखवा म्हणाले होते! (पाटीवर भलंमोठं पाऊल रंगवून घेतलं, ही चूक माझी.) मी रीतसर शिकलेला डॉक्टर आहे. साखरेने बधिर झालेले पाय, कंपनीच्या जाड बुटांत दिवसभर उकडलेले पाय, कुरुपं, आत वाढलेली नखं, हे माझं काम. कुंभवलीकडच्या कारखान्यांतले कामगार येतात. "डॉक्टरसाब, सिर्फ पैर? घुटना नहीं देखते?" असं विचारतात आणि मी नाही म्हटलं की माझी कीव करतात.

तर असा मी पायांचा जाणकार, आणि माझ्या सासऱ्यांचे पाय मला बघायला मिळत नव्हते.

सासरे, म्हणजे दादा, एडवणचे. नारळ आणि विड्याच्या पानांची वाडी. पानवेलीत चप्पल घालून जायचं नाही हा त्यांच्या घरचा जुना नियम, त्यामुळे सगळं आयुष्य अनवाणी. त्यात दहा-बारा वर्षांची साखर. असा पाय मी रोज तपासायला सांगतो. पण दादांचा दुसराही एक नियम होता. ज्याचे पाय आपण लग्नात धुतले, त्या जावयाने आपल्या पायाला हात लावायचा नाही. मी नमस्काराला वाकलो की ते दोन पावलं मागे सरकायचे. एकदा असे सरकले की तुळशीवृंदावनावर जाऊन बसले!

मग मी एक युक्ती काढली. पायाची जाणीव तपासायला आमच्याकडे नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. डोळे मिटायला सांगायचे, तळव्याला धागा टेकवायचा आणि लागला का विचारायचं.

"दादा, हात लागणार नाही. फक्त धागा."

"गळाची दोरी हाय काय ही?" त्यांनी निरखून विचारलं. "मंग लावा."

त्यांनी डोळे मिटले.

"लागलं?"

"लागलं."

"आता?"

"लागलं ना! झकास लागलं."

मी खूश! संवेदना उत्तम, असं वहीत लिहून मोकळा झालो. खरं तर मधेच धागा न टेकवताही "लागलं का?" असं विचारायचं असतं, म्हणजे पेशंट आपलं मन राखतोय का ते कळतं. परक्या माणसाला मी हे हटकून विचारतो. पण सासऱ्यांना फसवायचं कसं, म्हणून राहून गेलं.

गेल्या अधिक महिन्यात एडवणला आमचं धोंड्याचं जेवण होतं. अधिकात मुलगी-जावई लक्ष्मी-नारायण. पाटावर बसवायचं, परातीत पाय ठेवून धुवायचे, पुसायचे, वाण द्यायचं. मी नवं धोतर सावरत नारायणासारखं बसण्याचा प्रयत्न करत होतो (नारायणाला असं सारखं कमरेशी चाचपावं लागत असेल असं वाटत नाही). दादांनी माझे पाय धुतले, पुसले. मग वाणाला ताजी पानं हवीत म्हणून वाडीत गेले, पानं खुडून आणली, मागल्या दारी पाय धुतले आणि पुसलेल्या पांढऱ्या लादीवरून माझ्यापर्यंत आले.

दादांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, एकदम हात जोडले. "अगो बाय! बगा तरी! लक्ष्मी आली!"

मागल्या दारापासून माझ्या पाटापर्यंत एकाआड एक लाल पावलं उमटली होती. डाव्या पायाची तेवढी. सगळ्या बायका पुढे झाल्या. कुणी अक्षता वाहिल्या, कुणी फोटो काढला. आणि मी? या घरात पावलांबद्दल बोलायचा अधिकार माझा! मी पाटावरूनच व्याख्यान सुरू केलं.

"बघा, दादा वजन कडेवर टाकतात. टाच कशी स्वच्छ उठलीय! अनवाणी चालणाऱ्यांची कमान अशी असते. आमच्या पुस्तकात छापावा असा ठसा आहे हा."

"हो का?" माझी बायको नूतन म्हणाली. "पण कुंकवाची डबी माझ्या हातात आहे, आणि मी ती अजून उघडलेली नाही."

आत्याबाईंनी जोडलेले हात हळूच खाली घेतले. मी धोतरासकट उठलो.

"दादा, पाय दाखवा."

"कायतरीच काय! बसा तुमी. काय नाय झालं."

"रक्त आहे ते!"

"असंल. दुखत तर नाय."

पाय दुखतो म्हणून येणाऱ्याची मला काळजी वाटत नाही. दुखत नाही म्हणून न आलेल्याचाच पाय शेवटी कापावा लागतो, हे मी पाहिलंय.

"मग त्या दिवशी धागा लागला म्हणालात तो?"

दादा ओशाळले. "तुमी एवढ्या हौशीनं इचारत व्हता. जावयाला नाय कसं म्हणायचं?"

म्हणजे माझ्या वहीतली ती उत्तम संवेदना निव्वळ पाहुणचार होता! मला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर मी नूतनकडेही बघू शकलो नाही.

"आता तरी पाय द्या."

"नाय. पालघरला दुसऱ्या कोणाला दाखवीन उद्या. तुमी पाय धरायचा नाय, आमाला पाप लागंल."

तेवढ्यात सासूबाई वाणाचं ताट घेऊन आल्या. तेहतीस अनारसे, वर दिवा. मी ताट घेतलंच नाही.

"आई, मला अनारसे नकोत. वाण म्हणून दादांचा डावा पाय हवा."

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? आज जावई नारायण हाय. नारायणानं मागितलं नि तुमी नाय म्हणणार? द्या तो पाय!"

दादा खुर्चीत बसले. डोळे मिटले, हात जोडले आणि पाय पुढे केला. बोटाच्या पेराएवढं बांबूचं कुसळ तळव्यात आडवं शिरलं होतं. मी ते काढत होतो, धूत होतो आणि दादा पुटपुटत होते, "माफ करा हां, जावईबापू, माफ करा." माफी खरं तर मी मागायला हवी होती. पण हात जोडणार कसे? एका हाताने धोतर धरावं लागत होतं.

पुढे इंजेक्शन झालं, औषधं झाली. दीड महिना दादा वाडीत गेले नाहीत. माझ्या दवाखान्यात मात्र दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला येत, आणि प्रत्येक वेळी तोंड भिंतीकडे फिरवून पाय पुढे करत. जखम भरली. पाय वाचला. शेवटची पट्टी काढली त्या दिवशी मी खाली स्टुलावर, अनवाणी बसलो होतो. दादांनी पहिल्यांदाच चष्मा लावून खाली बघितलं.

"जावईबापू, एक बोलू? राग नाय ना येणार?"

"बोला ना!"

"तुमच्या उजव्या टाचेला केवढी भेग पडलीय ती! बोट जाईल आत. पाय धुतले तवाच दिसली. जावयाला कसं बोलायचं, म्हणून गप ऱ्हायलो."

"हो, ते... वेळच मिळत नाही, दादा."

"असं करू नका. दाखवून घ्या," ते अगदी कळवळून म्हणाले. "इकडं बोईसरला पायांचा कोण चांगला डॉक्टर हाय का, इचारून ठेवतो मी."