मरजानचाचांचे तीन खूर

मरजानचाचा पियानोला हात लावण्याआधी त्याच्या झाकणावर टकटक करून विचारत, "घर में कौन है?" मग उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावून बसत. उभा जन्म मनामाच्या हॉटेलांत जॅझ वाजवण्यात घालवलेला हा म्हातारा बहरीनी माणूस अरादला आमच्या खालच्या मजल्यावर एकटा राहत असे.

"सीधा हाथ होटल का नौकर," ते सांगत, "उल्टा हाथ मेरा दादा का." या आजोबांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इकडे आणलं गेलं होतं. "आया नहीं, लाया," एवढंच बोलून चाचा विषय बदलत. उजवा हात गोड सुरावट वाजवी आणि डावा ढोलासारखा भलत्याच ठेक्यात चाले. गाणं संपलं समजून कुणी टाळ्या वाजवल्या, की मुद्दाम पुन्हा सुरू करत.

मी अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात मेंटेनन्स टेक्निशियन. चाचा मला 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर म्हणत, आणि मीही कधी खुलासा केला नाही. खडखड शोधायची आणि बंद करायची, हे माझं काम. चाचांचा पियानो खालच्या सुरांवर खुळखुळायचा, त्याने माझं डोकं उठायचं.

एका शुक्रवारी त्यांचे जुने वादक मित्र बऱ्याच वर्षांनी येणार होते. चाचा दुपारच्या नमाजाला गेले. त्यांची किल्ली आमच्याकडे असायची. म्हटलं, म्हाताऱ्याला खूश करू. पियानो उघडला, तर तारांवर दोरीत ओवलेले काळे, टणक तुकडे पडलेले. काय काय कोंबतात लोक! ते खाली कचऱ्याच्या पेटीत टाकले, चार स्क्रू आवळले. खडखड खलास.

संध्याकाळी मित्र जमले. चाचांनी टकटक केलं, डावा हात टाकला आणि थांबले. पुन्हा टाकला. चेहरा पार उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "मुहंदिस, मेरा दादा किदर फेंका?"

ते तुकडे म्हणजे बकऱ्याचे खूर होते. आजोबा त्यांचा पट्टा कमरेला बांधून ढोलांसमोर नाचत. तोच आवाज चाचांनी पियानोत जपून ठेवला होता, आणि मी तो दुरुस्त केला होता.

"तुमाले कोनं सांगतलं होतं जी?" बायको कपाळावर हात मारत म्हणाली. मी कचऱ्याच्या पेटीत उतरलो. कुणाच्या तरी मच्छीच्या रश्श्यात बरबटलेला पट्टा सापडला. ब्लीचमध्ये घासून नेला, तर खूर पांढुरके पडलेले. चाचांनी वास घेतला. "दादा पहली बार नहाया," म्हणाले. मग खूर मोजले. "तीन कम है."

शिक्षा तिथल्या तिथे झाली. पट्टा माझ्या कमरेला बांधला. "यल्ला, हिलाओ!" आणि नागपूरचा हा बौद्ध टेक्निशियन पाच म्हाताऱ्या बहरीनी वादकांसमोर कंबर हलवू लागला. मोबाइलवर शूटिंग करणारी माझी मुलगी ओरडली, "बाबा, यू आर सो ऑफ-बीट!" चाचा डोळे पुसत हसत होते.

शिवाय हुकूम झाला की तीन खूर मिळेपर्यंत दर शुक्रवारी हजेरी लावायची. मी जाई. चाचा दार उघडताच विचारत, "तीन?" मी म्हणे, "मफी चाचा." नाहीत. "तो बैठो." मग चहा, पियानो, आजोबा. अशी सहा वर्षं गेली. मी खरोखर लाजत राहिलो, आणि हळूहळू ठेका धरायलाही शिकलो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. पियानो त्यांच्या पुतण्याने नेला. जाताना त्याने माझ्या हातात एक पिशवी ठेवली. "चाचा बोला, मुहंदिस को देना."

आत पट्टा होता आणि गाठ मारलेला रुमाल. गाठ सोडली, तर तीन खूर. काळेभोर, तेलकट. त्यांना ब्लीच कधी लागलंच नव्हतं. पट्ट्यातून ते आधीच कधीतरी निसटले असणार, आणि त्या संध्याकाळीही म्हाताऱ्याला ते कुठे आहेत हे पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी सवयीने खाली गेलो. दाराला कुलूप. मी टकटक करून विचारलं, "घर में कौन है?" आणि म्हटलं, "चाचा, तीन मिळाले. आता शुक्रवारी कुठे येऊ?"